लढतीआधी कॉफी की गाणं?

"सर, याले बाउटच्या आधी कॉफी देऊ काय?"

पोरगं 14 वर्षांचं, वजन 46 किलो. विचारणारे त्याचे बाबा. हातात मात्र कॉफी नव्हती, एनर्जी ड्रिंकचा थंडगार कॅन होता. पोरगं मागे इअरफोन खुपसून उड्या मारत होतं. नागपुरात रेशीमबागेजवळच्या एका हॉलमध्ये मी सकाळी ज्यूडो शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारले जातात. बाबांना मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते काही त्यांना पटलेलं दिसलं नाही. म्हणून आता ऐसपैस सांगतो.

आधी कॅफीन, म्हणजे कॉफी, चहा आणि त्या कॅनमधला तरतरी आणणारा पदार्थ. आपण जागे असतो, पळतो, झटापट करतो तेव्हा पेशी ऊर्जा खर्च करतात आणि मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. त्याच्यासाठी मेंदूतल्या पेशींवर ठरलेल्या जागा असतात. तो तिथे जाऊन बसला की निरोप जातो: बस झालं, दमलो. कॅफीनचा रेणू अ‍ॅडेनोसिनशी इतका मिळताजुळता आहे की त्याला त्याच जागा फिट बसतात. तो बसतो, पण निरोप काही देत नाही. एसटी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. सीटवर माणूस नाही, पण दुसऱ्या कुणाला बसताही येत नाही. अ‍ॅडेनोसिन गाडीत चढलेलं असतं, वरच्या दांड्याला लटकून उभं असतं. म्हणजे थकवा गेलेला नसतो, त्याला टेकायला जागा मिळालेली नसते. काही तासांनी रुमाल उचलला गेला की सगळे एकदम बसतात. संध्याकाळी अचानक अंगातलं पाणी गेल्यासारखं वाटतं ते यामुळे.

म्हणून "कॉफीने ताकद येते" हे वाक्य मला खटकतं. बिनसाखरेच्या काळ्या कॉफीत ऊर्जा जवळपास शून्य. ताकद तुमचीच. ती खर्च करताना मेंदू जो ब्रेक लावतो, तो थोडा सैल होतो.

थोडा म्हणजे किती, हे मोजायला ज्यूडोत एक छान चाचणी आहे. पोलंडच्या स्टर्कोविच यांनी 1995 मध्ये ती मांडली. दोन जोडीदार 6 मीटर अंतरावर उभे करायचे, आपण मधोमध. शिट्टी वाजली की एकाकडे धावायचं, खांद्यावरून थ्रो मारायचा, म्हणजे त्याला उचलून आपटायचं, वळून दुसऱ्याकडे धावायचं, त्यालाही मारायचा. पहिला राउंड 15 सेकंदांचा, मग 30 चे दोन, मध्ये 10-10 सेकंद श्वास घ्यायला. शेवटी एकूण थ्रो मोजायचे, आणि नाडी दोनदा बघायची: लगेच आणि एका मिनिटाने. वरच्या दर्जाचे पुरुष खेळाडू 27-28 थ्रोपर्यंत जातात. आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करणारी पोरं विसाच्या आसपास येऊन मॅटवर आडवी होतात आणि छताचे पंखे मोजतात.

कॅफीन घेऊन अशा चाचण्या केल्या की थ्रोंची संख्या थोडी वाढते, हाताची पकड थोडी घट्ट होते, समोरच्याच्या हालचालीला प्रतिसाद जरा लवकर जातो. असे बरेच अभ्यास एकत्र तोलून पाहिले तरी हेच दिसतं. फरक लहान आहे, पण ज्यूडोत कॉलर अर्धा सेकंद जास्त धरून ठेवता आली तर निकाल फिरतो. आता यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: त्याच अभ्यासांत लढतीनंतर रक्तातलं लॅक्टेटही, म्हणजे जोराच्या मेहनतीत स्नायूंत तयार होणारा पदार्थही, जास्त सापडतं. म्हणजे शरीराने खरोखर जास्त काम केलं, आणि त्याचं बिलही आलं. एकाच बाउटचा दिवस असेल तर बिलाची काळजी नाही. पण ज्यूडो नि तायक्वांदोत एका दिवसात चार-पाच लढती होतात. पहिल्याच फेरीत दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर सगळं ओतून टाकलेलं पोरगं दुपारी उपांत्य फेरीत पाय ओढत चालताना मी पाहिलंय.

आता मात्रा. आंतरराष्ट्रीय क्रीडापोषण संस्थेने 2021 च्या निवेदनात सांगितलेली मात्रा आहे दर किलो वजनामागे 3 ते 6 मिलिग्रॅम. काहींना 2 मिलिग्रॅमनेही भागतं. 9 च्या आसपास गेलात तर फायदा वाढत नाही, धडधड, मळमळ आणि घबराट तेवढी वाढते. माझं मत विचाराल तर मॅटवरच्या खेळाडूने 3 च्या वर जाऊच नये. सायकलवाल्याला फक्त पायडल मारायचं असतं, आपल्याला समोरच्याची बाही चिमटीत पकडायची असते.

60 किलोच्या खेळाडूचे 3 च्या हिशेबाने झाले 180 मिलिग्रॅम. हे टपरीच्या भाषेत किती? कटिंग चहात साधारण 20 मिलिग्रॅम धरा, पत्ती किती आणि उकळी किती यावर कमीजास्त. म्हणजे नऊ कटिंग. नऊ कटिंगमधली साखर आणि दूध पोटात घेऊन कुणी थ्रो मारू शकला तर त्याला मेडल तसंच देऊन टाकावं. इन्स्टंट कॉफीच्या एका सपाट चमच्यात 50-60 मिलिग्रॅम, चिकोरी मिसळलेली असेल तर कमी. एनर्जी ड्रिंकचं म्हणाल तर आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असावं लागतं. म्हणजे 250 मिलिलिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त 75.

आणि वेळ. इथे माझीच फजिती सांगतो. कॉलेजात होतो, कागदावर माझी बाउट सकाळी 10 ची. 9 वाजता काळ्या कॉफीचे दोन मोठे कप रिचवले. पण आपल्याकडचं स्पर्धेचं वेळापत्रक म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त. पाहुणे यायचे होते, मग हार, मग दीपप्रज्वलन, मग दोन भाषणं. 12 वाजले. मला वाटलं, कॉफी उतरली असेल. म्हणून आणखी एक कप. 1 ला अजून एक. मॅटवर गेलो तेव्हा छातीत ढोल वाजत होता, बोटं थरथरत होती, आणि समोरच्याची कॉलर धरायला गेलो ती दोनदा हवाच हाती आली. 40 सेकंदांत इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत तिथेच खलास. अर्थात त्याचा.

चूक साध्या हिशेबाची होती. कॅफीन पोटातून रक्तात पूर्ण चढायला पाऊण ते एक तास लागतो, हे मला माहीत होतं. उतरायला किती लागतो, हे नव्हतं. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास जातात, कुणाला तीन, कुणाला सात. सकाळी 9 चे 200 मिलिग्रॅम दुपारी 2 ला 100 असतात, संध्याकाळी 7 ला 50. म्हणजे 12 वाजता माझ्या अंगात पहिली कॉफी चांगली ठाण मांडून बसलेली होती, आणि मी तिच्या डोक्यावर दुसरी नि तिसरी बसवली. बाउट लांबली तर लगेच परत प्यायची नसते. केळं खा, पाणी प्या, बसून राहा.

हा वेग माणसागणिक वेगळा. कॅफीन मोडायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, आणि कुणाचं ते जात्याच चपळ असतं, कुणाचं सुस्त. सिगरेट ओढणाऱ्यांचं कॅफीन लवकर संपतं (हे सिगरेटचं समर्थन नाही, बाबांनो), गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींचं बरंच रेंगाळतं. म्हणून मित्राला चाललेली मात्रा तुम्हाला चालेलच असं नाही, आणि कोणतीही मात्रा पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी करून बघायची नाही.

दोन दिवसांची स्पर्धा असेल तर झोपेचाही हिशेब धरा. झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम घेतलेल्या लोकांची झोप एक तासाहून जास्त कमी झाली, असं 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. ही मात्रा मोठी आहे, पण दिवसभरात दोन कॉफ्या, एक कॅन आणि टपरीवरचे चहा मिळून तिथवर पोचणं अवघड नाही. जे रोज सकाळी चहा घेतात त्यांनी मात्र स्पर्धेच्या सकाळी तो बंद करण्याचा शहाणपणा करू नये. सवयीचं कॅफीन तुटलं की 12 ते 24 तासांत डोकं ठणकायला लागतं.

ठरलेल्या वजनगटात बसायला वजन उतरवणाऱ्यांसाठी एवढंच: उपाशीपोटी, अंगातलं पाणी काढलेलं, वर मे महिन्यातलं नागपूर, आणि वजन देऊन झाल्यावर पहिली गोष्ट काळी कॉफी? आधी पाणी, मीठ, भात. बेताची कॉफी शरीर कोरडं करते ही समजूत बरीचशी फुगवलेली आहे, पण रिकाम्या पोटी ती हात थरथरवते हे खरं.

"पण सर, हे डोपिंग नाही का?" हा प्रश्न दर बॅचला येतो. नाही. पूर्वी मर्यादा होती, लघवीत दर मिलिलिटरला 12 मायक्रोग्रॅम. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा पेंटाथलॉन खेळाडू अ‍ॅलेक्स वॉटसन त्याच मर्यादेपायी बाद झाला होता. 1 जानेवारी 2004 पासून कॅफीन बंदीच्या यादीतून निघालं. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, त्यावर नुसती नजर ठेवून असते. खरी भीती आहे ती डब्यांतल्या प्री-वर्कआउट पावडरींची. कॅफीनच्या जोडीला त्यात काय कालवलंय हे लेबलवर असेलच याची खात्री नसते. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले काही पैलवान मिथाइलहेक्झानामिन या उत्तेजकासाठी पॉझिटिव्ह आले होते, आणि हा पदार्थ अशाच पूरक पावडरींमध्ये सापडायचा. कॉफीच्या चमच्यात तरी कॉफीच असते.

आता एक गंमत. 2006 मध्ये इंग्लंडमध्ये मोजक्या सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. त्यांना सांगितलं, आज कधी तुम्हाला कॅफीन नाही, कधी मध्यम, कधी जास्त. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी बिनकामाची गोळीच दिली. "जास्त कॅफीन घेतलंय" असं समजणाऱ्यांची ताकद 3.1 टक्क्यांनी वाढली, "मध्यम" समजणाऱ्यांची 1.3 टक्के, आणि "आज काहीच नाही" समजणाऱ्यांची 1.4 टक्क्यांनी घटली. गोळीत काहीच नव्हतं! थकवा हा काही अंशी मेंदूचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजाशी खेळता येतं. कॅफीन तो रसायनाने बदलतं. गाणं तेच दुसऱ्या वाटेने करतं.

गणपती विसर्जनात धुमालच्या, म्हणजे आमच्याकडच्या ढोलताशा पथकाच्या, मागे दोन तास नाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, "बाप्पा, पाय दुखून राहिले." नाचताना दुखत नव्हते का? दुखत होते, पण निरोप पोचत नव्हता. आपलं लक्ष म्हणजे आमच्या इतवारी बाजारातला एखादा बोळ. स्नायू, फुप्फुसं, हृदय यांच्याकडून येणारे निरोप आणि कानावाटे येणारा ठेका, दोघांना त्याच बोळातून जायचं असतं. मेहनत हलकी किंवा मध्यम असेल तेव्हा ठेका पुढे घुसतो, बाकीचे मागे राहतात. म्हणून दोरीवरच्या उड्या, जॉगिंग, पॅडवर साध्या किक्स गाण्याबरोबर सोप्या वाटतात. पण मेहनत एका पातळीच्या वर गेली, श्वास तोंडाने ओढायची वेळ आली, की बोळात धान्याचा ट्रक शिरतो. मग स्कूटर, सायकल, ठेका, सगळे भिंतीला चिकटून उभे. लढतीच्या तिसऱ्या मिनिटाला कुठलंही गाणं थकवा झाकू शकत नाही.

तसंही बाउटमध्ये इअरफोन चालत नाहीत. पण लढतीला वाद्यांची साथ ही आपल्याला परकी कल्पना नाही. कोल्हापूरकडच्या कुस्ती मैदानात हलगी कडाडल्याशिवाय जोड रंगत नाही. थायलंडच्या मुए थाय लढतीत तर पी नावाची सनई, ढोलांची जोडी आणि छोट्या झांजा रिंगजवळच वाजत असतात, आणि फेऱ्या पुढे सरकतील तसा ठेकाही चढतो. बाकी आपल्यासारख्यांसाठी गाण्याची वेळ म्हणजे वॉर्मअप आणि दोन बाउटच्या मधला रिकामा वेळ.

2020 मध्ये 139 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. गाण्यामुळे सगळ्यात जास्त सुधारतो तो मूड. त्याखालोखाल कामगिरी, आणि थकवा थोडा कमी वाटतो. हृदयाचे ठोके मात्र काही कमी होत नाहीत. संगीत आणि व्यायाम यावर आयुष्य घालवलेले लंडनचे प्राध्यापक कोस्टास कारागिओर्गिस यांचं कामही सांगतं की व्यायामासाठी मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांची लय बहुतेकांना मानवते. मोजायला अ‍ॅप नको. घड्याळ लावून 15 सेकंद पायाने ठेका धरा, येईल त्याला 4 ने गुणा.

पण लयीपेक्षा महत्त्वाचं आहे गाणं कोणी निवडलं ते. स्वतःच्या आवडीच्या गाण्याने फरक पडतो, कोचच्या आवडीच्या गाण्याने पोरं फक्त हसतात (अनुभव आहे). आणि सगळ्यांना चेतवायची गरज नसते. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगातून निघालेली गोष्ट अजून शिकवली जाते: उत्तेजना वाढते तशी कामगिरी आधी वाढते, मग एका टोकानंतर घसरते. आलेख काढला तर उपडी वाटी. काही पोरं झोपाळलेली येतात, त्यांना वाटीच्या माथ्यावर चढवावं लागतं. काही आधीच पलीकडच्या उतारावर असतात, पोट बिघडलेलं, तळवे ओले. आमच्या बॅचमधली एक मुलगी बाउटआधी संथ भजन ऐकते, डोळे मिटून, भिंतीला टेकून. त्या मुलीच्या नादी लागू नये, ती दिवसभर कुणाला सोडत नाही.

दोन्ही एकत्र केलं तर? ट्युनिशियातल्या संशोधकांनी हेच तायक्वांदो खेळाडूंवर करून पाहिलं. दर किलोला 3 मिलिग्रॅम कॅफीन, वर वॉर्मअपमध्ये संगीत. मग 10 सेकंदांत किती किक्स बसतात ते मोजायचं, आणि 10-10 सेकंदांच्या विश्रांतीने असे पाच राउंड. एकट्या कॅफीनपेक्षा आणि एकट्या गाण्यापेक्षा जोडीने जास्त किक्स बसल्या. वाटा वेगळ्या असल्यामुळे बेरीज होते, यात मला नवल वाटत नाही. पण उपड्या वाटीचा नियम इथेही लागू. कॉफी चढवते, जोरकस गाणंही चढवतं. आधीच धास्तावलेल्या खेळाडूला दोन्ही दिलं तर तो माथा ओलांडून पलीकडे गडगडत जाईल. अशाला एकच द्या, तेही शांत करणारं.

आवाजाबद्दल एक: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, आणि 90 वर गेलात तर फक्त 4 तास. लहान मुलांसाठी मर्यादा याहून कमी. इअरफोनमधलं गाणं शेजारच्याला ऐकू येत असेल तर ते जास्तच आहे.

त्या बाबांचं काय झालं? 46 किलोच्या मुलाला एका कॅनमधून 75 मिलिग्रॅम, म्हणजे किलोला 1.6 च्या आसपास. युरोपातली अन्नसुरक्षा संस्था मुलांसाठी दिवसभरात किलोला 3 पर्यंत चालवून घेते, त्यामुळे "विष आहे" असं मी म्हणालो नाही. पण कॅनवर बारीक अक्षरात मुलांसाठी नाही असं छापलेलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं. पोराने सकाळी दोन कप चहा घेतलाय हे त्यानेच सांगितलं. शिवाय 14 व्या वर्षी त्या एखाद्या जास्तीच्या थ्रोची गरज नसते, थ्रो नीट शिकण्याची असते. माझ्याकडे 18 च्या आतल्या कुणालाही बाउटसाठी कॅफीन नाही. हा विज्ञानाचा नियम नाही, माझ्या हॉलचा आहे. कॅन बाबांनीच संपवला.

मग मी पोराला म्हटलं, दाखव बरं काय ऐकतोस. ते लाजलं. बाबांनी त्याच्या फोनमध्ये भरून दिलेली जोशपूर्ण देशभक्तीची यादी तशीच पडून होती. त्याच्या कानात वाजत होतं एका कार्टूनचं सुरुवातीचं गाणं, तो पहिलीत असताना बघायचा त्याचं. मी घड्याळ काढलं, आम्ही दोघांनी पायाने ठेका धरला. 15 सेकंदांत 34. म्हणजे 136.

"हे?" बाबा म्हणाले.

"हेच," मी म्हटलं. "आवाज थोडा कमी कर, आणि चल, दोरी घे."